बादलीतला मांडव

आमची गच्ची १८ फूट लांब आणि ११ फूट रुंद आहे. त्यातून पाण्याच्या टाकीचा कोपरा आणि जिन्याचे तोंड वजा केले, की दोन बाजा टाकता येतील एवढी जागा उरते. नंदुरबार शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत घराला घर लागून आहे, अंगण कुणालाच नाही. हिरवे काही हवे असेल तर वर जायचे. वर बारा बादल्या मांडल्या की जमीन संपते, आणि मग माणसाने उभे कुठे राहायचे हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न माझा. अम्मींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. त्यांचे अर्धे आयुष्य तापीकाठच्या गावात शेतीत गेले. उरलेल्या वर्षांतले कितीतरी हिवाळे त्यांनी मिरचीच्या पथारीवर काढले. ज्यांनी नंदुरबारच्या पथाऱ्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: ओली लाल मिरची मोकळ्या मैदानात वाळत घालतात, लांबून पाहिले तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. तिच्या कडेला बायका उकिडव्या बसून दिवसभर देठ खुडतात. हात भगभगतात, डोळे चुरचुरतात. पण खरी किंमत गुडघे मोजतात. आता अम्मी नमाज खुर्चीवर बसून पढतात. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला आणि वाकायला मनाई केली आहे. दिवसातून एकदा कठडा धरून त्या गच्चीवर येतात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि पायाशी ठेवलेल्या कुंड्यांकडे पाहतात. ज्या बाईने उभे आयुष्य मातीत हात घातला, तिला माती दीड हातावर दिसते आणि हात पोहोचत नाही.

म्हणून आमच्याकडे बागेला उंची द्यायचा विचार झाला तो शोभेसाठी नव्हे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात जमिनीपासून साधारण दोन ते साडेचार फुटांच्या पट्ट्यात आरामात फिरतो. झाडाचे जे काही काम आहे, खुडणे, बांधणे, फळ चाचपणे, ते सगळे या पट्ट्यात आणायचे होते. त्याला दोनच उपाय. एक, कुंडी वर उचलायची. दुसरा, झाडालाच वर चढवायचे. बादल्या विटांच्या दोन थरांवर ठेवल्या, त्याने थोडे काम झाले. शिवाय खालून हवा खेळते आणि स्लॅब ओला राहत नाही. पण खरे काम वेलींनी केले.

वेल मांडवावर चढवणे ही काही शहरातल्या गच्चीची नवी टूम नाही. सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या वाटेवर, पावसाळ्यात आदिवासी बांधवांची घरे पाहा. दारापुढे चार मेढी रोवून केलेल्या मांडवावर, नाहीतर थेट कौलांवर वेल गेलेला असतो. ना त्याला लोखंडी जाळी, ना विकतची दोरी. अम्मींच्या गावच्या घरापुढेही गिलक्याचा मांडव होता, त्याच्याखाली दुपारी बाज पडायची.

त्याहून जुनी गोष्ट कुरआनात आहे. सूरह अनआमच्या १४१ व्या आयतीत अल्लाहने आपण निर्माण केलेल्या बागांचा उल्लेख करताना त्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत: मांडवावर चढवलेल्या आणि न चढवलेल्या. मूळ शब्द 'मअरूशात' असा आहे, त्याच मुळापासून 'अरीश' म्हणजे मांडव, छप्पर हा शब्द होतो. मदिन्यातली पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांची मशीदही सुरुवातीला खजुराच्या खोडांची आणि फांद्यांच्या छपराची होती, पाऊस आला की गळायची. सूरह नहलमध्ये मधमाशीला घर करायला तीन जागा सांगितल्या आहेत, डोंगर, झाडे, आणि माणसे जे मांडव उभारतात ते. मी ही आयत किती वेळा पढली असेल, पण 'माणसे उभारतात ते' याकडे लक्ष गेले ते आमच्या कारल्याच्या फुलावर मधमाशी बसल्यावर.

आता सामानाकडे वळते, कारण बहुतेक भगिनी मला तेच विचारतात.

बादल्या रंगाच्या, २० लिटरच्या. पेंटरकडून ३० रुपयांना एक अशा आठ घेतल्या. आतला वाळलेला रंग खरवडून, धुऊन, उन्हात दोन दिवस ठेवल्या आणि बुडाला बोटभर जाडीची पाच-सहा भोके पाडली. आपला भाग कापसाचा आहे, त्यामुळे औषधांचे रिकामे डबे घरोघर दिसतात. ते कितीही धुतले तरी भाजीसाठी वापरू नका. दुधी आणि गिलक्याला बादली पुरत नाही, त्यांना अर्धा कापलेला ड्रम हवा. कारले, दोडका, काकडी, वाल, चवळी, मायाळू बादलीत खुशाल येतात. आपली काळी माती एकटी वापरली तर कुंडीत ती पाण्याने चिखल होते आणि उन्हाने दगड. भेगा पडून पाणी कडेने निघून जाते. आम्ही निम्मी माती, त्यात पाव हिस्सा जुने शेणखत आणि उरलेल्या पावात वाळू व भाताचे तूस घालतो. तूस नवापूरकडून येते, तिकडे भात पिकतो.

एक ओली बादली पंचवीस-तीस किलोची होते. ह्यांना स्लॅबची काळजी वाटली म्हणून गवंड्याला बोलावून विचारले. त्याने सांगितले, बादल्या मध्यावर ठेवू नका, भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर ठेवा. बागेसाठी तेच सोयीचे ठरले, कारण मधली जागा खुर्चीला मोकळी राहिली.

आणि आधार. पहिला आधार होता एक मोडकी बाज. तिचे पाय निखळले होते, नवार कुजली होती, भंगारवाल्याला द्यायची म्हणून जिन्याखाली पडली होती. तिची चौकट भिंतीला टेकवून उभी केली, पाटीपासून पाटीपर्यंत वीतभर अंतरावर सुतळी ओढली आणि खाली तीन बादल्या ठेवल्या. सहा फुटांचा मांडव तयार, खर्च सुतळीचा. दुसरा आधार सायकलच्या जुन्या रिंगचा: एक बांबू बादलीत मधोमध, त्याच्या टोकाला रिंग आडवी बांधलेली, रिंगपासून बादलीच्या काठापर्यंत आठ सुतळ्या. चवळी त्यावर चढली की हिरवा तंबू दिसतो. तिसरा, तीन तुराट्यांची तिकाटी. तुरीचे पीक निघाल्यावर शेतात तुराट्यांचे भारे पडलेले असतात, सरळ, हलक्या, पाच-सहा फूट लांब. एक हंगाम टिकतात, मग चुलीत जातात. टोमॅटोला यापेक्षा चांगला आधार मी पाहिलेला नाही. बाजारात हिरव्या प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या काठ्या मिळतात. त्या गुळगुळीत असल्याने वेल घसरतो, आणि पैसे पडतात ते वेगळेच.

बांबू सहा घेतले, ६० रुपयांना एक. सुतळी आणि बांधायची तार धरून सगळा खर्च बादल्यांसह आठशेच्या आत राहिला. बांबू बादलीत माती भरण्याआधी बुडापर्यंत उभा करायचा आणि मग माती दाबत यायची. नंतर खोचलेला बांबू मुळे तोडतो आणि वाऱ्यात डुलतो.

कोणत्या वेलीला कसला आधार, हे वेलीचा हात पाहून ठरवायचे. कारले, काकडी, दोडका, दुधी यांना तणावे असतात, केसासारखे, पुढे आकडी झालेले. ते बारीक वस्तूलाच पकडतात. सुतळी, तार, पेन्सिलीएवढी काडी त्यांना चालते. जाड बांबूभोवती त्यांचा हात पुरत नाही, म्हणून बांबूवर सुतळी हवीच. तणाव्याने एकदा पकडले की तो गुंडाळत जातो आणि वेलीला आधाराकडे खेचून घेतो. जरा निरखून पाहा: अर्धी वेटोळी एका दिशेला आणि अर्धी उलट दिशेला असतात, मधे एक सरळ जागा. वारा आला की ही स्प्रिंग ताणते, तुटत नाही. वाल, चवळी आणि मायाळू यांना तणावे नसतात, त्यांचे खोडच आधाराला वळसे घालते, म्हणून त्यांना उभी काठी किंवा दोरी पुरते. त्यांची वळायची दिशा ठरलेली असते. माझ्या धाकट्याने एकदा वालाचा शेंडा मुद्दाम उलटा गुंडाळला, दोन दिवसांत तो सुटून पुन्हा आपल्या वाटेने गेला. आणि टोमॅटोला यातले काहीच येत नाही. त्याला बांधावेच लागते. सुतळीने नको, ती खोडात रुतते. शिवणकामाची सुती कातरण घ्यावी आणि ८ च्या आकड्यासारखा सैल फास द्यावा, एक वेटोळे काठीभोवती, एक खोडाभोवती. घरात शिलाई मशीन असलेल्या भगिनींना ईदनंतर कातरणीचा तोटा नसतो.

दुधीला झोळी लागते. फळ दोन किलोचे झाले की देठावर भार येतो, म्हणून जुन्या ओढणीची झोळी करून मांडवाला टांगायची. ही झोळी बांधणे अम्मींचे काम. त्या बाळाला पाळण्यात घालावे तसे दुधीला तिच्यात घालतात.

वाऱ्याबद्दल सांगितलेच पाहिजे. जमिनीवरचा मांडव आणि गच्चीवरचा मांडव यांत मोठा फरक वाऱ्याचा आहे. पाने भरली की मांडव शिडासारखा होतो आणि मेच्या शेवटी वळवाचे वादळ आले की बादलीसकट आडवा पडू शकतो. म्हणून बांबूंना एकट्याने उभे ठेवायचे नाही. दोन बादल्यांतल्या दोन बांबूंना वर आडवा बांबू बांधून चौकट करायची, आणि ती चौकट दोन बाजूंनी दोरीने ताणायची. एक दोरी आमच्या टाकीच्या खांबाला बांधता आली. दुसरीसाठी आमच्याकडे काहीच नव्हते. होती ती शेजारच्या घराची भिंत.

शेजाऱ्याच्या भिंतीची एक हदीस आहे, हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. शेजाऱ्याने आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे म्हटले तर त्याला मना करू नये, अशा आशयाची. ही हदीस भिंतीच्या मालकासाठी आहे, मागणाऱ्यासाठी नाही, हे मला ठाऊक होते. आम्ही मागणारे होतो. शिवाय त्या घराशी आमचे बोलणे सणावारापुरते उरले होते. मधे पावसाळी पाण्याच्या पन्हाळीवरून दोन्ही घरांत कुरकुर झाली होती आणि ती कुणी मिटवली नव्हती. ह्यांचे म्हणणे होते की राहू दे, वेगळी सोय करू. अम्मी मात्र म्हणाल्या, "मी विचारते." त्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकूंना सरळ अहिराणीत हाक मारली. दोघी वयाने सारख्या, दोघींची माहेरे एकाच पट्ट्यातली. काकूंनी पुरते ऐकूनही घेतले नाही. म्हणाल्या, "ठोक ना माय, भित काय पळी जाई का?"

दोन हूक बसले. त्या वर्षी वादळात पलीकडच्या गल्लीतले पत्रे उडाले, आमची चौकट हलली पण पडली नाही. पन्हाळीचा विषयही त्याच आठवड्यात निघाला आणि चहाच्या एका कपात संपला. प्लंबरने अर्ध्या तासात कोपरा बदलला. सहा वर्षे अडलेले काम.

मांडवाने आणखी एक गोष्ट केली, जी ठरवलेली नव्हती. आमच्या गच्चीसमोर तीन मजली इमारत उभी राहिल्यापासून घरातल्या बायका वर जायला कचरत होत्या. कपडे वाळत घालायचे आणि खाली पळायचे. कापडी पडदा लावून पाहिला होता, तो उन्हाने वर्षात विरला आणि त्याच्या आड बसले की हवा बंद. ऑगस्टमध्ये कारल्याचा आणि दोडक्याचा वेल सहा फुटांवर गेला तेव्हा समोरच्या खिडक्या पानांआड गेल्या. वारा येतो, उजेड येतो, नजर येत नाही. माझी मोठी मुलगी आता वर अभ्यासाला बसते. खिडक्यांतल्या लोकांचा काही दोष नव्हता, त्यांनीही घर बांधायचे ते बांधले. पण गच्ची आम्हाला परत मिळाली हे खरे.

पेरणी आम्ही मृगात करतो. अम्मी तारखेने चालत नाहीत, नक्षत्राने चालतात. उन्हाळ्यात नंदुरबारचा पारा ४२-४३ वर जातो तेव्हा गच्चीवर बी टाकणे म्हणजे ते भाजायला टाकणे. मे अखेरीस कागदी कपांत सावलीत रोप करून ठेवले तर पंधरा दिवसांची आघाडी मिळते. वेल चार-पाच फूट झाला की शेंडा खुडायचा. इथे बऱ्याच जणींचा हात थरथरतो, वाढता शेंडा तोडवत नाही. पण कारले, दुधी, काकडी यांना मादी फुले बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, आणि शेंडा खुडला की फांद्या जास्त फुटतात. आणि आम्हाला तर वेल वर पळायला नकोच आहे, तो हाताच्या पट्ट्यात पसरायला हवा आहे.

फुलांच्या वेळा ही या बागेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते. गिलके आणि कारले पहाटे-सकाळी उमलतात. वरच्या मजल्यांवर मधमाश्या, पतंग कमी येतात, म्हणून नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला हाताने लावावे लागते. मादी फूल ओळखायला सोपे, त्याच्या मागे इवलेसे फळ असते. त्यामुळे आमचे वेळापत्रक आपोआप ठरले: फजरनंतर गिलके आणि कारले, असर ते मगरिबच्या मधे दोडका आणि दुधी. फजरनंतरची पाळी माझी, संध्याकाळची अम्मींची. खुर्चीवर बसून त्या नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडतात आणि मादी फुलाला हलकेच टेकवतात. दहा फुलांना पाच मिनिटे लागतात. त्या अर्धा तास लावतात.

पाण्याचे म्हणाल तर वुजूचे पाणी जाते. अम्मी तोटीच्या लोट्याने, टबात पाय ठेवून वुजू करतात. त्या पाण्यात साबण नसतो. पाच वेळचे मिळून एका बादलीला पुरेल एवढे पाणी होते. धाकटा ते वर नेतो. उन्हाळ्यात अर्थातच तेवढ्याने भागत नाही.

सगळेच चांगले झाले असे नाही. गिलक्याला खत जास्त मानवले तर पानेच पाने येतात आणि फळ रुसते. काकडीवर भुरी आली, खालची पाने काढून टाकली तरी वेल फार जगला नाही. लाल भोपळ्याचा वेल गच्चीचा नव्हेच, तो राजासारखा पसरतो. तोंडली मात्र लावाच. एकदा लागली की वर्षानुवर्षे हटत नाही.

दुधी आमच्या घरात पूर्वी कुणी खात नव्हते. मुलांना तर नावही नको. अम्मींनी एका जुम्याला त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. हजरत यूनुस (अलै.) माशाच्या पोटातून किनाऱ्यावर आले, अशक्त, उघडे, तेव्हा अल्लाहने त्यांच्यावर एक वेल उगवला, 'यक्तीन', अनेक मुफस्सिरांनी तो दुधी-भोपळ्याच्या जातीचा सांगितला आहे, रुंद पानांचा, सावली देणारा. आणि दुसरी हजरत अनस (रजि.) यांची. एका शिंप्याने पैगंबरांना (सल्ल.) जेवायला बोलावले, जवाची भाकरी आणि दुधी व सुकवलेले मांस घातलेला रस्सा होता, आणि ते थाळीच्या कडांवरून दुधीच्या फोडी शोधून घेत होते. हजरत अनस म्हणत की त्या दिवसापासून त्यांनाही दुधी आवडू लागला. धाकट्याने विचारले, "शिंप्याने मटण कमी घातले होते का?" हसू आवरले नाही. पण त्या दिवशी त्याने दालचा खाल्ला, दुधीच्या फोडींसह.

मघाच्या त्याच आयतीत पुढे सांगितले आहे की फळ आले की खा, काढणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या, आणि उधळपट्टी करू नका. आमची काढणी ती केवढी! आठवड्याला दोन-अडीच किलो. तरी अम्मींनी नियम केला आहे: पहिला वाटा भिंतीचा. दोन दोडकी, चार कारली, जे असेल ते सुपात घालून काकूंकडे जाते, आणि सूप कधी रिकामे परत येत नाही. कधी कळण्याची भाकरी, कधी ठेचा. आता काकूंनीही त्यांच्या बाजूने चवळी लावली आहे आणि ती आमच्या हुकावरून आमच्याकडे उतरली आहे. तिच्या शेंगा कुणाच्या, यावर दोघींचा रोज वाद चालतो.

यंदा तीन गिलकी वेलीवरच वाळायला सोडली आहेत. वाळली की बी निघेल आणि आतल्या जाळीची आंघोळीची घासणी होईल. कारल्याचा वेल उतरला की त्या जागी वाल टाकायचा आहे. तुराट्या संपल्या आहेत. अम्मींनी गावी निरोप पाठवला आहे, वीसेक सरळ बघून ठेव, आणि जीपवाल्याकडे दे.